हेरखात्याला कायद्याचा उंबरठा

लहानपणी आम्हाला गुप्तहेर भेटला तो बहिर्जी नाईकांच्या गोष्टींतून आणि बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांतून. वेषांतर, पाठलाग, ऐन वेळी पडणारा छापा यांतच आम्ही दंग असू. हेरखाते कोणत्या कायद्याने चालते, हा प्रश्न आमच्या मनाला शिवलाही नाही.

तो प्रश्न मला विचारला माझ्या एका माजी विद्यार्थ्याने. तो आता कायदा शिकतो आहे. त्याच्या थोरल्या भावाची सरकारी नोकरी पडताळणीत अडकली. 'अहवाल प्रतिकूल आहे' एवढेच घरी कळले. अहवालात काय आहे, कुणी लिहिले, कशाच्या आधारे लिहिले, हे कुणीही सांगितले नाही. "सर, हे सगळं कुठल्या कायद्यात बसतं? आम्हाला तर घटनेच्या एका तासात उरकून टाकलं," तो म्हणाला. माझ्यापाशी उत्तर नव्हते. आठवड्याने तोच एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ माझ्या टेबलावर ठेवून गेला. त्या ग्रंथाविषयी हे चार शब्द.

लॉरेन्स लस्टगार्टन आणि इयान ली या दोन कायदेपंडितांचा 'इन फ्रॉम द कोल्ड' हा ग्रंथ १९९४ साली ऑक्सफर्डच्या क्लॅरेंडन प्रेसने काढला. नाव जॉन ल कारे यांच्या १९६३ च्या गाजलेल्या हेरकादंबरीवरून सुचलेले दिसते. बाहेर गारठ्यात वावरणारा हेर घरात परततो, तसे हेरखात्याने कायद्याच्या घरात यावे, असा त्याचा रोख. उपशीर्षकात राष्ट्रीय सुरक्षितता आणि संसदीय लोकशाही यांची जोडी आहे. या विषयाचे अध्यापन आणि संशोधन करणाऱ्यांना या ग्रंथाला वळसा घालून जाता येत नाही.

ग्रंथाचे मोल कळायला त्यामागचा काळ ध्यानात घ्यावा लागतो. ब्रिटनचे अंतर्गत हेरखाते १९०९ साली सुरू झाले, पण त्याला संसदेच्या कायद्याचा आधार मिळाला तो १९८९ साली. ऐंशी वर्षे ते मंत्र्यांच्या सूचनांवर चालले. परदेशी हेरगिरी करणाऱ्या खात्याला कायदा मिळायला १९९४ उजाडले. कायद्याचे राज्य जगाला शिकवणाऱ्या देशाची ही कथा! १९७९ साली मेलोन नावाच्या जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याने आपला टेलिफोन चोरून ऐकला जातो म्हणून दाद मागितली. तेव्हा इंग्रज न्यायाधीशांनी निर्णय दिला की, तसे करण्यास कायद्याची मनाई नाही, म्हणून ते बेकायदा नाही. १९८४ साली युरोपच्या मानवाधिकार न्यायालयाने ब्रिटनला दोषी ठरवले, आणि पुढच्याच वर्षी संसदेला कायदा करावा लागला.

दोघा लेखकांचे म्हणणे थोडक्यात असे. सुरक्षितता आणि स्वातंत्र्य म्हणजे एक वर गेले की दुसरे खाली जाणारी तराजूची पारडी नव्हेत. राष्ट्राचे रक्षण करायचे ते तिथल्या नागरिकांचे हक्क आणि लोकशाही व्यवहार टिकावेत म्हणून. तेच हक्क तुडवून केलेल्या रक्षणाला अर्थ उरत नाही. गुप्तता लागते हे त्यांना मान्य आहे. पण गुप्त म्हणजे बेजबाबदार नव्हे. खात्याची कामे कोणती, परवानगी कुणाची, तपासणी कुणाकडे आणि तक्रार कुठे, हे चार प्रश्न उघडपणे ठरवता येतात, आणि त्यासाठी एकही गुपित फोडावे लागत नाही.

मला विशेष भावली ती त्यांची तुलनेची पद्धत. ब्रिटनशेजारी त्यांनी कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया हे देश ठेवले. कॅनडात पोलिसांच्या सुरक्षा विभागाचे गैरप्रकार मॅक्डोनल्ड आयोगाने १९८१ साली मांडले, आणि १९८४ साली स्वतंत्र कायदा होऊन वेगळी देखरेख समितीही बसली. सुरक्षेच्या कारणावरून नोकरी नाकारलेला माणूस त्या समितीकडे दाद मागू शकत होता. माझ्या विद्यार्थ्याने या जागी पेन्सिलीने खूण केली होती.

या प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण मात्र स्वीडनचे. टॉर्स्टेन लिअँडर नावाच्या सुताराला १९७९ साली कार्ल्सक्रोना गावातल्या नौदल संग्रहालयातले काम गुप्त नोंदींमुळे गमवावे लागले. नोंद काय, हे त्याला सांगितले नाही. १९८७ साली युरोपच्या न्यायालयातही तो हरला. पुढे १९९७ साली सरकारने कबूल केले की, त्याला धोकादायक ठरवण्यास आधारच नव्हता. माफी मागून भरपाईही दिली. म्हणजे न्यायालयाने ज्या व्यवस्थेवर विश्वास टाकला, तिच्या फायलीत काहीच नव्हते. तोवर अठरा वर्षे गेली होती.

ग्रंथात उणिवा आहेत. पाचशेहून अधिक पानांचा हा पसारा सामान्य वाचकाला दमवतो. खटल्यांची नावे पुष्कळ येतात, पण त्या नावांमागचा माणूस, त्याचे घर, त्याची रोजी फारशी दिसत नाही. शिवाय ज्या साम्राज्याने तार कायद्यासारखे कायदे आपल्यावर लादले, त्याचा हिशेब या तुलनेत नाही. तो आपल्यालाच मांडायला हवा.

आपल्याकडे या विषयाची परंपरा थोर आहे. प्रा. र. पं. कंगले यांनी संपादित केलेले कौटिल्याचे 'अर्थशास्त्र' उघडून पाहावे. कापटिक, उदास्थित, गृहपतिक, वैदेहक, तापस असे हेरांचे प्रकार तिथे आहेत. तिघांची खबर जुळली तरच ती खरी मानावी, आणि वारंवार खोटी खबर देणाऱ्याला गुपचूप दंड करावा, असा नियमही आहे. पण हा सारा बंदोबस्त राजाची फसवणूक होऊ नये म्हणून. खोट्या खबरीने ज्याचे घर बुडाले, त्या प्रजाजनाने कुठे जावे, हा प्रश्न तिथे येत नाही. राजाचा नियम आणि नागरिकाचा कायदा यांतले हे अंतर लस्टगार्टन-ली वाचताना मला प्रथम नीट उमगले.

आणि आज? इंटेलिजन्स ब्युरो आपली परंपरा १८८७ पासून सांगतो, 'रॉ' १९६८ साली स्थापन झाली. दोहोंची रचना, अधिकार आणि संसदेची देखरेख ठरवणारा कायदा अजून नाही. २०११ साली मनीष तिवारी यांनी खासगी विधेयक आणले, ते तसेच राहिले. माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्याने या संस्थांना, भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंगाचे आरोप वगळता, बाहेर ठेवले. टेलिफोन चोरून ऐकण्याला सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली बंधने घातली. १८८५ चा तार कायदा जाऊन २०२३ चा दूरसंचार कायदा आला, तरी परवानगी देणारेही अधिकारी आणि तपासणारेही अधिकारीच.

एक दिलासा नोंदवायला हवा. मध्य प्रदेशातल्या एका शिक्षकाला त्याच्या जुन्या राजकीय कामाबद्दलच्या पोलीस अहवालावरून नोकरीतून काढले होते. १९८३ साली सर्वोच्च न्यायालयात न्या. चिन्नप्पा रेड्डी यांनी असा अहवाल नोकरीच्या आड आणणे घटनेला धरून नाही, असे ठणकावले. मी स्वतः शिक्षक. तो निकाल वाचताना अंगावर काटा आला. पण निकाल मिळाला कारण अहवालातला मजकूर उघड झाला होता. जे उघडच होत नाही, त्याच्याशी भांडायचे कसे?

आपल्या दोन भाषांच्या भागात सभेच्या शेवटच्या रांगेत वही घेऊन बसलेला साध्या कपड्यांतला माणूस सगळ्यांनी पाहिलेला आहे. 'सी.आय.डी.चा दिसतोय' म्हणून आपण हसतो. त्यालाही पोट आहे आणि देशाला त्याची गरजही आहे. माझे म्हणणे इतकेच की, त्याच्या वहीतली ओळ कुणाच्या पोराची भाकरी हिरावणार असेल, तर ती कधीतरी कुणा निःपक्षपाती माणसाने तपासली पाहिजे. हे मागणे सुरक्षिततेच्या विरोधात नाही, हे सिद्ध करण्यासाठी दोन प्राध्यापकांनी एक ग्रंथ लिहिला. आपल्या भाषेत तो लिहिला जायचा आहे.

थोरल्याने शेवटी दुकान टाकले. धाकटा संशोधनाचा विषय शोधतो आहे. ग्रंथ परत करताना मी त्याला म्हटले, "विषय तुझ्या घरातच आहे. लिही, आणि आधी मराठीत लिही."