'ओरिजिनल' ट्रक म्हणजे नेमका कधीचा?

जुना ट्रक रिस्टोअर झाला की आपण म्हणतो, "वा, अगदी ओरिजिनल!" संशोधनाची तयारी करत असाल तर इथेच थांबा आणि विचारा: ओरिजिनल म्हणजे कधीचा?

टाटा-मर्सिडीजचंच बघा. टेल्को आणि डाइम्लर-बेन्झचा करार १९५४ ते १९६९ असा चालला. मग पुढच्या जाळीवरचा तीन टोकांचा तारा गेला, 'टी' आला. त्या काळी बरेच ट्रक कारखान्यातून नुसती चॅसी आणि बॉनेटकडचा भाग एवढेच विकले जात; लाकडी केबिन आणि हौदा स्थानिक बॉडी-बिल्डर बांधत. म्हणजे ट्रक दोन ठिकाणी घडायचा. 'कारखान्यातल्यासारखा' करायला गेलं की सुताराचं काम पुसलं जातं, रंगाच्या थरांत उरलेल्या जुन्या मालकांच्या खुणाही जातात. माझा आक्षेप रिस्टोअर करण्याला नाही. काय ठेवलं, काय काढलं हे न सांगण्याला आहे.

आठवणींचंही तसंच. एखादे ड्रायव्हरकाका म्हणाले, "पंच्याहत्तर साली नवी मर्सिडीज घेतली," तर ते वाक्य खोडू नका. साल आरसी बुकात तपासा. आणि तारा गेला तरी नाव का टिकलं, हे त्यांनाच विचारा. तुमचा संशोधनप्रश्न तिथे असू शकतो.