यंत्रावरचा यमन

नांदगावात आगगाडीचा ठेका ऐकत मी वाढलो. तरीही चरणजित सिंग यांची ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही १९८२ ची तबकडी मला प्रथम उद्धट वाटली. मुंबईच्या चित्रपटसंगीतातल्या या वादकाने यमन, मालकंस चक्क यंत्रांच्या हवाली करावेत! पुन्हा ऐकताना मात्र जाणवले, की त्या यंत्रांतही एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकणारी मींड आहे. उणीव एवढीच, की अखंड ठेक्यात आलापीला विसावा नाही. तबकडी २०१० साली पुन्हा निघाली, तेव्हा पाश्चात्त्यांनी तिला डोक्यावर घेतले. २०१५ साली सिंग निवर्तले. दाद आधी परक्यांनी दिली, ही खंत वाटते. कारण मीही तबकडी बाजूलाच ठेवली होती.