अद्भुताची किंमत

मे महिन्याच्या सुट्टीत वालीवचे चार-पाच युवक आमच्याकडे आले. त्यांच्या हाती एक जाड वही आणि निरनिराळ्या आकारांच्या फाशांची पिशवी होती. वहीत त्यांनी मिळून लिहिलेली अद्भुतकथा होती. फासे ज्या खेळाचे, त्या खेळातूनच ती जन्मली होती. या खेळाने मुलांची श्रद्धा ढळेल काय, असे त्यांच्या पालकांनी आम्हांला आधीच विचारले होते. आम्ही एक संध्याकाळ खेळ पाहिला व दोन रात्री वही वाचली. त्यावरून जे सुचले ते येथे मांडतो.

हा खेळ म्हणजे 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी रचलेला हा खेळ १९७४ साली प्रसिद्ध झाला. एक जण सूत्रधार होऊन प्रसंग उभा करतो. बाकीचे एकेक पात्र होऊन आपण काय करणार ते सांगतात. यशापयश अनिश्चित असेल तेथे फासा टाकतात. १९८०च्या दशकात अमेरिकेतील कित्येक ख्रिस्ती पालकांना यात सैतानाची उपासना दिसली. आम्हांला दिसले ते निराळे होते. सूत्रधाराने ठरवलेली वाट इतरांनी सोडली, तेव्हा त्या मुलाला राग गिळून नवी वाट उभी करावी लागली. पात्रांना स्वतःची इच्छा असते, हा कथालेखनातील अवघड धडा तो तासाभरात शिकला.

वहीबद्दल मात्र आमची तक्रार आहे. पहिल्या वीस पानांत सात राज्ये, तीन ड्रॅगन व एक मंतरलेली तलवार येते. नायक दोनदा मरतो आणि दोन्ही वेळा पुढच्याच पानावर मंत्राने उठतो. त्याच्यासाठी कोणी रडत नाही, कबरीपाशी कोणी जात नाही. कथेत जादू आहे याला आमची हरकत नाही. मरण इतके स्वस्त आहे, याला आहे. शुभ शुक्रवार गाळून ईस्टर साजरा होत नाही, हे ज्या मुलांना चर्चमध्ये कळते, त्यांना ते कथेत का कळू नये? खेळात पात्र मेले तर नवे पात्र घेऊन पुढे जाता येते. कथेत घडलेल्या गोष्टीचा भार पुढच्या प्रत्येक पानाने वाहावा लागतो.

ही कला शिकायची कोणाकडून? टोल्किन हे नाव मुलांना ठाऊक होते. ते श्रद्धावान कॅथलिक होते व आईच्या मृत्यूनंतर फादर फ्रान्सिस मॉर्गन या धर्मगुरूंनी त्यांचे पालकत्व स्वीकारले होते, हे ठाऊक नव्हते. १९३९ साली परीकथांवर दिलेल्या व्याख्यानात टोल्किन यांनी असे मांडले की, मनुष्य निर्मात्याच्या प्रतिरूपात घडला आहे म्हणून तोही सृष्टी रचतो; आणि ती सृष्टी स्वतःच्या नियमांनी चालली तरच वाचक तिच्यावर विश्वास ठेवतो. त्यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' (१९५४-५५) या कादंबरीत याचा प्रत्यय येतो. अग्निपर्वताच्या कड्यावर पोहोचलेला फ्रोडो अंगठी टाकू शकत नाही, तो हरतो. ज्या गॉलमला पूर्वी दया दाखवून जिवंत सोडले होते, त्याच्याच हातून ती आगीत जाते. शेकडो पानांमागे केलेली दया शेवटी फळते. तरीही घरी परतलेल्या फ्रोडोची जखम पुरती भरत नाही. मुग्धा कर्णिक यांनी ही कादंबरी मराठीत आणली आहे. मुलांनी ती अवश्य वाचावी.

मराठीतही गुरू आहेत. जी. ए. कुलकर्णी यांच्या 'पिंगळावेळ' (१९७७) या संग्रहातील 'स्वामी' या कथेत वाटेत अडकलेल्या एका सामान्य प्रवाशाला मठात नेतात आणि स्वामी म्हणून भूमिगत खोलीत कायमचे कोंडतात. येथे ड्रॅगन नाही, मंत्र नाही. अघटित गोष्ट एकच. पण तिचे सर्व परिणाम लेखक आपल्याला शेवटपर्यंत भोगायला लावतो.

आणखी एक उणीव. वहीत एकही नाव, एकही झाड आपल्याकडचे नाही. लिहिणाऱ्यांच्या घरापासून तुंगारेश्वरचा डोंगर दूर नाही. कारखान्यांची पत्र्याची छपरे जवळच आहेत. वसईच्या किल्ल्यात चर्चच्या छप्पर नसलेल्या भिंती उभ्या आहेत. फादर थॉमस स्टीफन्स जन्माने इंग्रज. पण १६१६ साली छापलेल्या 'ख्रिस्तपुराणा'त त्यांनी ओवी स्वीकारली आणि स्वर्गाला 'वैकुंठ' म्हटले. दूरदेशीची कथा येथील श्रोत्याच्या मनात कशी वसवावी, हे ते जाणत होते. आमच्या युवकांनी मात्र घरातली गोष्टही दूरदेशी नेऊन ठेवली आहे.

या वहीवर इतके लिहिण्याचे एक खाजगी कारण आहे. आम्ही नवे धर्मगुरू असताना एका मुलाने अशीच एक कथा आम्हांला दिली होती. 'काहीतरी खरे लिही,' असे म्हणून आम्ही ती न वाचताच परत केली. त्याने पुन्हा कधी काही दाखवले नाही. या वेळी वहीच्या समासात पेन्सिलीने खुणा केल्या आहेत. नायकाच्या दुसऱ्या मृत्यूपाशी एवढाच प्रश्न लिहिला: त्याच्या आईला ही बातमी कोणी सांगितली? युवकांनी उत्तरासाठी पावसाळा संपेपर्यंतची मुदत मागून घेतली आहे.