प्रत्ययांची यादी

शालेय व्याकरणात भाववाचक नामे आली की प्रत्ययांची यादी येते : ता, त्व, पण, पणा, ई, की, गिरी. मुलाने ‘शहाणत्व’ लिहिले तर गुण जातो. का जातो, ते यादी सांगत नाही. माझा आक्षेप एवढाच आहे. यादीत प्रत्ययाचे कूळ नाही, आणि तो कोणत्या शब्दाला चालतो हेही नाही.

‘पण’ घ्या. वेदांतील ‘महित्वन’ या शब्दातला ‘त्वन’ हा त्याचा पूर्वज. प्राकृतात त्याचा ‘त्तण’ झाला, अपभ्रंशात ‘प्पण’. हेमचंद्राने बाराव्या शतकात तसा नियमच दिला. १२९० साली नेवाशाला सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीत तो थेट सर्वनामाला लागून ‘मीपण’ होतो.

‘ता’चे भाऊबंद युरोपात आहेत. इंग्रजी ‘डेप्थ’मधला ‘थ’ आद्य-जर्मानिक ‘इथो’ या प्रत्ययापासून आला. हे रूप कुठेही लिहिलेले सापडत नाही. गॉथिक ‘दिउपिथा’सारखे शब्द ताडून ते सिद्ध केले आहे. आपला ‘ता’ आणि तो ‘थ’ मुळात एकच. इंग्रजीत मात्र ‘थ’ नव्या शब्दाला जवळजवळ लागत नाही. आपल्याकडे ‘ता’ने विद्राव्यता, वाहकता घडवल्या, पण संस्कृत शब्दांवरच.

ही परीक्षा वर्गात घेता येते. ‘स्मार्ट’चे भाववाचक नाम विचारा. ‘स्मार्टपणा’ लगेच येईल, ‘स्मार्टत्व’वर वर्ग हसेल. ‘शहाणा’ही संस्कृत रूपात राहिलेला नाही, म्हणून ‘त्व’ त्याला मानवत नाही. फारसी ‘गिरी’ला मात्र असला सोवळेपणा नाही, २००६च्या एका हिंदी चित्रपटानंतर ‘गांधीगिरी’ सर्वांच्या तोंडी झाली.