जुना फोन, नवी तारीख

‘जुना स्मार्टफोन टाकू नका, त्यात पर्यायी कार्यप्रणाली घाला, म्हणजे तो पुन्हा सुरक्षित होईल,’ असा सल्ला हल्ली अनेकदा ऐकू येतो. कचरा कमी होतो म्हणून तो पटतोही. पण त्यातला ‘सुरक्षित’ हा शब्द तपासून घ्यायला हवा.

२०१५ मध्ये अँड्रॉइडमध्ये ‘स्टेजफ्राइट’ या नावाने ओळखल्या गेलेल्या त्रुटी सापडल्या. केवळ एक मल्टिमीडिया संदेश पाठवून फोनमध्ये शिरकाव करता येण्याची शक्यता होती. त्याच वर्षी ऑगस्टपासून गूगलने दरमहा सुरक्षा-दुरुस्त्या देण्यास सुरुवात केली. मात्र काही वर्षांनी उत्पादक आपल्या जुन्या फोनना त्या पुरवणे थांबवतात. अशा फोनना लिनिएजओएसचे स्वयंसेवक ताजे अँड्रॉइड देतात. सायनोजेनमॉड बंद पडल्यावर, २०१६ च्या अखेरीस सुरू झालेले हे काम मोलाचेच आहे.

मग अडचण कुठे? फोनमधील सॉफ्टवेअरचे थर असतात. वरच्या थराची संहिता खुली असते. ती कोणीही वाचू आणि सुधारू शकतो. मोडेमसारखे भाग चालवणारा खालचा थर मात्र बहुतांशी बंद असतो. त्याची संहिता चिप व फोन बनवणाऱ्यांकडेच राहते. त्यांनी दुरुस्ती थांबवली, की स्वयंसेवकांचे हात बांधले जातात. छपराची कौले बदलली म्हणून पायातली भेग बुजत नाही!

लिनिएजओएस हे लपवत नाही. प्रणालीची आणि उत्पादकाची अशा दुरुस्तीच्या दोन तारखा ती वेगवेगळ्या दाखवते. सल्ला देणारे मात्र पहिलीच तारीख वाचून दाखवतात. शिवाय प्रणाली बदलताना बूटलोडरचे कुलूप उघडावे लागते. ते उघडेच राहिले, तर फोन सुरू होताना होणारी फेरफाराची तपासणी दुबळी पडते. ग्राफीनओएसने म्हणूनच मोजके पिक्सेल फोन निवडले. त्यांवर हे कुलूप पुन्हा लावता येते.

खरा दोष आहे उत्पादकांच्या अल्प मुदतीचा. २०२३ च्या पिक्सेल ८ ला ७ वर्षे दुरुस्त्या देण्याचे वचन गूगलने दिले. म्हणजे मनात आणले तर हे जमते.

तोपर्यंत असा जुना फोन वर्गात छायाचित्रे, ध्वनिमुद्रण, मोजमाप यांसाठी खुशाल वापरावा. बँकेचे व्यवहार त्यावर करू नयेत. आणि विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारायची सवय लावावी: ही दुरुस्तीची तारीख नेमकी कोणत्या थराची?