नियम, अपवाद आणि सिंहाची गर्जना : एका चित्रपुस्तकावरील वर्गपाठांचे परीक्षण

मिशेल नूडसन यांचे ‘लायब्ररी लायन’ हे पुस्तक केविन हॉक्स यांच्या चित्रांसह २००६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले. लहान मुलांना ग्रंथालयाची ओळख करून देताना ते तेथील वर्गांतून योजिले जाते. त्यावर आधारलेल्या वर्गपाठांचा साचा बहुधा ठरलेला असतो. ग्रंथालयाचे नियम लिहावयाचे, ‘चालते’ आणि ‘चालत नाही’ असे दोन रकाने भरावयाचे, आणि शेवटी कागदी थाळीला आयाळ चिकटवून मुखवटा करावयाचा. मुखवट्याविषयी आमची तक्रार नाही. पहिल्या दोन उपक्रमांनी मात्र मूळ कथेवर अन्याय केला आहे, असे आम्हांस वाटते.

कथा साधी आहे. ग्रंथालयात एक सिंह येतो. कर्मचारी मॅकबी धावत तक्रार करावयास जातात, तेव्हा ग्रंथपाल मिस मेरीवेदर त्यांना प्रथम धावण्याबद्दल टोकतात आणि मग सिंहाने एखादा नियम मोडला आहे काय, एवढेच विचारतात. नियम मोडलेला नसल्याने सिंह राहतो. तो शेपटीने ज्ञानकोशांवरील धूळ झाडतो, मुलांना उंच फळीपर्यंत पोचता यावे म्हणून पाठ देतो. पुढे मिस मेरीवेदर पडून जखमी होतात. मॅकबींचे लक्ष वेधण्यासाठी सिंह प्रचंड गर्जना करतो, आणि नियम मोडला म्हणून आपण होऊन निघून जातो.

आता ही गर्जना मुलाने कोणत्या रकान्यात लिहावी? दोन रकान्यांच्या तक्त्यात तिला जागाच नाही, आणि पुस्तकाचा सारा विषय तर तीच आहे. कथेत सिंह पूर्वीही एकदा गर्जला होता. गोष्टींचा तास संपला, आणखी गोष्टी नाहीत, या निराशेने. ध्वनी तोच, हेतू निराळा. या दोन गर्जना शेजारी ठेवून ‘सिंहाला काय सांगावयाचे होते?’ असे विचारणारा पाठ दहा नियमांच्या यादीहून अधिक शिकवील. पहिल्या गर्जनेनंतर सिंहाला बाहेर जावे लागणार असे दिसताच, त्याने शांत राहण्याचे वचन दिले तर उद्या येऊ द्याल का, असे विचारणारी चिमुकली मुलगी तर आमच्या मते कथेतील खरी वैयाकरण होय. नियमाला ‘जर-तर’ जोडता येते हे तिला सर्वांच्या आधी उमगले आहे.

हेच पाठ मराठी वर्गात आणावयाचे झाल्यास भाषेचा प्रश्न उभा राहतो. ‘धावू नकोस’ किंवा ‘धावू नका’ यात समोर कोणीतरी आहे. एक आहे की अनेक, जवळचा आहे की आदराचा, हेही त्या रूपातून कळते. ‘धावू नये’ यात श्रोता दिसतच नाही; फलकावरचा नियम याच रूपात लिहिला जातो. ‘धावायचे नाही’ हे घरातले आणि वर्गातले बोलणे. मुलांना नियम लिहावयास सांगितले की ती सरसकट ‘नये’ लिहितात, आणि नियम सांगणारा माणूस नाहीसा होतो. पुष्कळ शाळांतून पुस्तकांचे कपाट कुलूपबंद असते आणि त्यावर ‘हात लावू नये’ असा मजकूर असतो. तो कोणी व का लिहिला हे विचारण्याची सोय त्या क्रियारूपाने ठेवलेली नसते. मिस मेरीवेदर मात्र सर्व कथाभर तोंडाने बोलतात.

शेवटी मॅकबी पावसात भिजणाऱ्या सिंहाला शोधून नवा नियम सांगतात. इंग्रजीत आधी निषेध येतो आणि मागून अपवाद. ऐकणाऱ्याची क्षणभर झालेली निराशा त्या मागच्या शब्दांनी फिटते. मराठीत ‘सबळ कारण असल्याशिवाय गर्जना करू नये’ असे लिहिले की अपवाद पुढे येतो आणि गंमत जाते. ‘गर्जना करायची नाही, हां, कोणी मित्र पडला-झडला असेल तर गोष्ट वेगळी’ असे दोन तुकडे करणे बरे.

पुस्तकातही एक उणीव आहे. अपवाद ठरवतात ती मोठी माणसे, आणि अपवादाचा लाभ झालेला असतो तो खुद्द ग्रंथपालबाईंना. त्याच गर्जनेने एखाद्या मुलाला मदत झाली असती, तर नियम इतक्या सहज बदलला असता काय, हा प्रश्न मूळ पाठांत नाही. तो वर्गात विचारावा, आणि मुलांनी दिलेली उत्तरे ‘नये’ न वापरता लिहवून घ्यावीत.