गौरव नाटेकर : साथीदाराचें मोल

टेनिसपटू गौरव नाटेकर ह्यांच्याविषयीं बोलणें निघालें कीं वडिलांचें नांव आधीं येतें, आणि मुलाचा विषय तेथेंच आटोपतो. नंदू नाटेकर ह्यांनीं १९५६ सालीं क्वालालंपूर येथें सेलांगोर स्पर्धा जिंकली. बॅडमिंटनमध्यें आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद मिळविणारे ते पहिले भारतीय. १९६१ सालीं अर्जुन पुरस्कार सुरू झाला तेव्हां पहिल्या मानकऱ्यांतही ते होते. वटवृक्षाखालीं दुसरें झाड वाढावयाचें कसें, असें म्हणून आमचे क्रीडालेखक मोकळे होतात. ही टीका आम्हांस आळशी वाटते.

वस्तुतः ह्या घरांत टेनिस प्रथम मुलानें आणलें नाहीं. सांगलीचे नंदू नाटेकर तरुणपणीं टेनिसच खेळत. कुमारांच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यांत रामनाथन कृष्णन ह्यांच्याकडून ते हरले आणि मग बॅडमिंटनकडे वळले. बापानें सोडलेला खेळ मुलानें उचलावा ह्यांत कादंबरीकारास मोठें आकर्षण वाटेल. टीकाकारानें मात्र दोन काळांतील अंतर पाहावें. वडिलांच्या वेळीं परदेशांतील एका विजयानें नांव चिरस्थायी होई. विंबल्डनचे दरवाजे १९६८ सालीं धंदेवाईक खेळाडूंस उघडल्यानंतर टेनिस हा बारमाही भ्रमंतीचा व्यवसाय झाला. गुण असतील तर क्रमांक, क्रमांक असेल तर मोठ्या स्पर्धेंत थेट प्रवेश. आणि ते गुण जमविण्यासाठीं गांवोगांवच्या लहान स्पर्धा खेळत हिंडावयाचें. अशा व्यवसायांत एक विजय म्हणजे थोडे गुण, आणि तेही वर्षभरानें वजा होणारे! गौरव नाटेकर एकेरींत जगांतील पहिल्या शंभरांत कधीं पोंचले नाहींत, हें लपविण्याचें कारण नाहीं.

परंतु १९९४ सालच्या हिरोशिमा येथील आशियाई क्रीडास्पर्धांत त्यांनीं लिअँडर पेस ह्यांच्यासह दुहेरीचें सुवर्णपदक मिळविलें. सांघिक सुवर्णपदकांतही त्यांचा वांटा होता. १९९६ चा अर्जुन पुरस्कार त्यांस मिळाला. लोक म्हणतात, सुवर्ण पेस ह्यांचें, नाटेकर नुसते साथीला. 'नुसते' हा शब्द आम्हांस खटकतो. एकानें परतविलेला चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या पायाशीं पडावा, त्यास तो वर उचलावा लागावा, आणि जाळ्याशीं उभ्या असलेल्या दुसऱ्यानें तो मारावा, हें दुहेरीचें मर्म. टाळी शेवटच्या फटक्यास पडते. डाव पूर्वींच्या फटक्यानें घडलेला असतो. गाण्याच्या बैठकींत तबल्याच्या साथीस नेमकी दाद देणारा पुणेकर येथें मात्र बहिरा कां व्हावा?

आणि ही उपेक्षा एकट्या नाटेकरांपुरती नाहीं. पुण्यांत बालेवाडी येथें २०१८ पासून २०२३ पर्यंत जागतिक मालिकेंतील पुरुषांची स्पर्धा भरत असे. तीत एकेरीचें अजिंक्यपद एकाही भारतीयास लाभलें नाहीं. दुहेरीचें मात्र २०१९ सालीं रोहन बोपण्णा व दिविज शरण ह्यांनीं आणि २०२२ सालीं बोपण्णा व रामकुमार रामनाथन ह्यांनीं जिंकलें. ह्या जोड्यांपैकीं कोणी कोणासाठीं डाव रचला, ह्याची चर्चा मराठींत आमच्या वाचनांत अद्याप आलेली नाहीं.